दाराजवळचा उजेड

पडदा वर जातो तेव्हा समोर माणूस नसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातला एक अरुंद पॅसेज असतो. डाव्या हाताला चपलांचं कपाट, उजव्या हाताला ओळीनं खुंट्या, त्यांवर एक छत्री आणि एक रिकामी पिशवी. शेवटी धुरकट काचेचा दरवाजा. दुपार कललेली, काचेतून गाळून आलेला उजेड जमिनीवर पातळ पसरलेला. मग स्टुलावर चढलेला एक उंच, जरासा वाकलेला माणूस दिसू लागतो. ओठांत दोन स्क्रू, कानावर पेन्सिल, हातात जुना टॅब, ज्याच्या काचेला कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा गेलाय. तो टॅब भिंतीला धरतो, मान मागे नेऊन बघतो, पुन्हा काढतो आणि बोटभर खाली धरतो.

हा आमचा डिमर.

आईवडिलांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण नाटक कंपनीत ते कुणी वापरलंच नाही. रंगमंचावरचे दिवे हळूहळू मंद करायच्या यंत्राला डिमर म्हणतात आणि ते हा चालवायचा, म्हणून यंत्राचं नाव माणसाला चिकटलं. मी रंगमंचावर जितक्या वेळा मेले, तितक्या वेळा माझ्यावर अंधार त्यानंच पांघरला. प्रयोग संपल्यावर मनगट चोळत यायचा आणि म्हणायचा, "बाईसाहेब, तुम्ही फार सावकाश मरता. माझा हात भरून येतो."

एकदा एका दिग्दर्शकानं खर्च वाचवायला पहिल्या अंकातल्या खिडकीचा दिवाच दुसऱ्या अंकात रस्त्यावरचा दिवा म्हणून वापरायचा घाट घातला. डिमर शिडीवरून खालीच उतरेना. "ज्या दिव्याला दोन कामं, त्याचं कुठंच लक्ष नसतं," म्हणाला. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला आणि दुसरा दिवा आणला. प्रेक्षकांतल्या कुणाला त्यात फरक कळला असेल असं नाही. मला मात्र त्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर ती खिडकीच वाटायची, हे खरं.

कंपनीवर पडदा पडला. आम्ही सगळे आपापल्या घरी गेलो, म्हातारे झालो. डिमरचे हात तेवढे गप्प बसेनात. मग त्याला जुने टॅब सापडले. कुठल्याही घरात बघा, नवा आला की जुना ड्रॉवरमध्ये, चार्जरच्या वायरींत गुरफटून पडलेला असतो. टाकवत नाही आणि वापरवत नाही. हा ते मागून आणायचा. आणला की आधी त्याचा मेकअप उतरवायचा. त्याचा शब्द आहे हा, माझा नव्हे. म्हणजे जुन्या मालकाचं सगळं पुसून टॅब कोरा करायचा. मग नवं खातं उघडायचं, ते कुणा एकाच्या नावानं नाही, "घर" या नावानं. आवाज बंद, सूचना बंद, लाल ठिपके बंद, सगळ्यांची रवानगी विंगेत. उरेल ते एकच काम, आणि पडदा त्याच कामावर असा अडकवून ठेवायचा की कुणी कितीही बोटं फिरवली तरी दुसरं काही उघडू नये. बॅटरी फुगू नये म्हणून चार्जर दिवसातून थोडाच वेळ चालू.

त्याच्या घरी स्वयंपाकघरातला टॅब फक्त रेडिओ. ओल्या हातानं कुठंही टेकलं की गाणं सुरू, पुन्हा टेकलं की बंद. हॉलमधल्यावर एकच चेहरा, दूर राहणाऱ्या मुलाचा. बोट लावलं की त्याच्याकडे घंटा वाजायची. आणि आतल्या खोलीत, पलंगाशेजारी, जुने फोटो. एक फोटो इतका हळू विरायचा आणि दुसरा त्यातून इतका हळू वर यायचा, की मधल्या क्षणी कुणाचाच नसलेला एक चेहरा तिथं तरंगत राही. संध्याकाळी त्या घरात गेलं, की खोल्याखोल्यांत उजेडाची लहान तळी साचल्यासारखी वाटायची. मी तिथं चहा प्यायला जायचे आणि बोलायचं विसरून बसायचे.

त्याची लेक मात्र करवादायची. ती शाळेत गणित शिकवते. घरी अजून तिला बाळ म्हणतात. "बाबा, हे सगळं एका फोनमध्ये मावतं हो."

"मावतं की. एका खोलीतही अख्खं घर मावतं. राहता येत नाही."

पलंगाशेजारचे फोटो ज्यांच्यासाठी, त्या डिमरच्या थोरल्या बहीण. लेकीची आत्या, म्हणून साऱ्या गल्लीचीच आत्या. शिडशिडीत, ताठ, जीभ कात्रीसारखी. दुपारचा चहा झाला की त्या एकट्या फिरायला निघत. कुठं जाता विचारलं तर म्हणत, "पायांना विचार." फोन जवळ ठेवत नसत. "खिशात कुत्रं पाळल्यासारखं. मध्येच भुंकतं."

एकदा त्या वाट चुकल्या. भलत्याच गल्लीत, भलत्याच इमारतीचे जिने चढून एका दाराची बेल वाजवत राहिल्या. तिथल्या इस्त्रीवाल्यानं ओळखलं आणि घरी आणून सोडलं. त्या रात्री लेकीनं निकाल दिला, "आत्यानं एकटीनं बाहेर जायचं नाही. कुणी सोबत असेल तरच."

"मग मला त्या खुंटीला टांगून ठेव, छत्रीशेजारी," आत्या म्हणाल्या. "कुणाला न्यावंसं वाटलं की काढून न्या."

त्यांनी जेवणावर बहिष्कार वगैरे घातला नाही. दुपारी चहा झाल्यावर दाराशी जाऊन उभ्या राहायच्या आणि परत फिरायच्या, इतकंच. डिमरला ते बघवेना. त्यानं लेकीकडून एक संधी मागून घेतली: दाराजवळ एक टॅब लावायचा आणि घरातल्या प्रत्येकानं बाहेर पडताना आणि परत आल्यावर त्याला बोट लावायचं. कोण घरात, कोण बाहेर, एवढंच तो सांगेल. लेक कबूल झाली, पण बोट उगारून. "एकदा जरी गोंधळ झाला, बाबा, तर दाराला कुलूप. किल्ली माझ्याकडे."

म्हणजे आत्यांचं बाहेरचं सगळं आकाश त्या तडा गेलेल्या काचेवर टांगलं होतं. म्हणूनच तर तो टॅब भिंतीवर बोटबोट वरखाली होत होता.

त्यावर तीन ओळी होत्या. बाबा, आत्या, बाळ. प्रत्येक ओळीत दोन चौकोन, दाबलेला उजळून राहायचा. पहिल्याच दिवशी आत्यांनी चष्मा सावरून वाचलं आणि हात मागे घेतला.

"हे काय लिहिलंयस? आत्या, गेल्या?"

"बाहेर गेलीस की ते दाबायचं, ताई. आलीस की शेजारचं."

"वा रे वा! माझ्या हातानं मी मलाच 'गेल्या' म्हणू? मेल्या, घरातून निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे तुला चड्डी घालता येत नव्हती तेव्हा शिकवलंय."

डिमर डोकं खाजवत पुन्हा स्टुलावर चढला. चौकोन बदलले. बायकांच्या ओळीत "येते" आणि "आले", त्याच्या ओळीत "येतो" आणि "आलो". आत्या खूश झाल्या. दारावर टकटक करावी तशी बोटाच्या पेरानं त्या "येते"वर टिचकी मारत आणि बाहेर पडत. मी कितीदा पाहिलंय. त्या टिचकीनंतर जिन्यात त्यांची चप्पल वाजायची, आणि तो आवाज ऐकताना डिमर डोळे मिटून घ्यायचा.

बरेच दिवस सुरळीत गेले. मग तो दिवस आला. त्या दुपारी डिमर माझ्या घरी होता. माझ्या चष्म्याला झेपतील एवढाल्या अक्षरांत फक्त पुस्तक वाचता यावं, असा एक टॅब तो माझ्यासाठी बसवत होता. काम झाल्यावर मला चहाला घेऊन निघाला. आम्ही पोचलो तेव्हा खिडक्यांतलं ऊन गेलं होतं. लेक स्वयंपाकघरात, रेडिओ चालू.

"ताई कुठंय?" डिमरनं बूट काढता काढता विचारलं.

"येतेय ना. पाटीवर आहे की. मी शाळेतून आले तेव्हापासून 'येते' म्हणतेय. आलीच असेल कोपऱ्यावर."

डिमरचा एक बूट पायात, एक हातात. तो टॅबकडे बघत राहिला. टॅबवर घड्याळ नव्हतं. घड्याळ भिंतीवर आहे, त्याचं काम याला कशाला, म्हणून त्यानंच ठेवलं नव्हतं.

"बाळ," तो हळूच म्हणाला, "येते म्हणजे गेलीय ती. चहा झाल्यावरच गेलीय."

तोंडानं म्हटलेलं "येते" कुठल्याही मराठी माणसाला चुकत नाही, कारण ते म्हणणाऱ्याची पाठ आपल्याकडे वळलेली दिसते. काचेवरच्या अक्षरांना पाठ नसते.

लेक एका बाजूला धावली, आम्ही दोघं दुसऱ्या. रस्त्यावरचे दिवे लागत होते, एकेक, थबकत थबकत. आयुष्यभर अंधार करणारा तो माणूस त्या संध्याकाळी अंधाराच्या पुढं चालायची धडपड करत होता. बंद झालेल्या टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर आत्या बसलेल्या दिसल्या. ताठ. बस येणार आहे अशा. घोटा टम्म सुजलेला.

"काय रे, किती वेळ!" त्या म्हणाल्या. "दोघाचौघांनी विचारलं, आजी, सोडू का घरी? म्हटलं, नको, घरी कळलंय. माझी माणसं निघालीच असतील."

डिमर मटकन त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. मागून लेक धापा टाकत आली. तिला रडायचं होतं की ओरडायचं, ते तिचं तिला ठरवता येईना.

"आत्या, अगं कुणाला सांगायचंस तरी!"

"सांगितलं होतं की. तुमच्या पाटीला."

"पाटी म्हणत होती येते!"

"मग? परत येणारच होते ना मी? का तुला दुसरं काही हवं होतं?"

लेकीला तिथंही हसू फुटलं, आणि मग रडू. पण दुसऱ्या दिवशी तिनं कुलूप आणलंच. पितळी, जड. ते चपलांच्या कपाटावर ठेवलं. घोटा बरा होईपर्यंत लावायची गरज नव्हती, पण ते तिथं होतं, आणि जाता-येता सगळ्यांची नजर त्यावर पडायची. लेक दुष्ट नव्हती. ती त्या पायऱ्यांवरचा अंधार विसरू शकत नव्हती.

डिमर काही दिवस त्या टॅबजवळ फिरकला नाही. मी गेले की खिडकीशी बसलेला असायचा. एकदा पलंगावरून आत्याच खेकसल्या, "अरे, लिहिणं हे तुझं काम कधी होतं? तुला अक्षरं कुणी सांगितली होती? तुला उजेड येतो ना?"

तो उठला आणि त्यानं स्टूल ओढलं.

तिन्ही ओळी त्यानं पुसल्या. चौकोन पुसले. सगळ्यांची हजेरी घेणं हेच मुळात चुकलं होतं, म्हणाला. बाबा कुठंय आणि बाळ कुठंय याची कुणाला पडलीय? हा दिवा फक्त ताईचा. झोपताना उशाशी ठेवायचे रंगीत दिवे असतात ना, तसं काहीतरी त्यानं त्या टॅबमध्ये शोधून बसवलं. आत्या घरात असल्या की काच गडद निळी, जवळजवळ विझलेली. जाताना त्यांनी टिचकी मारली की पिवळा उजेड. जितका वेळ जाईल तितका तो पिकत जायचा. पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा लाल. लाल होण्याआधी आत्यांनी परतून पुन्हा टिचकी मारायची, की काच निळी, आणि लाल झाला तर ज्यानं बघितला त्यानं चप्पल घालून निघायचं, विचारत बसायचं नाही.

घोटा बरा झाला, त्या दुपारी मी तिथंच होते. चहा झाला. आत्या दाराशी आल्या. पॅसेजमध्ये आम्ही तिघं उभे, आणि कपाटावर कुलूप. आत्यांनी कुलपाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं.

"काय ते ठरव बाई. ऊन थांबत नाही."

लेकीनं कुलूप उचललं. तळहातावर तोललं. मग कपाटाचं दार उघडून जुन्या बुटांच्या मागे, पार आत सरकवून दिलं.

आत्यांनी टिचकी मारली आणि त्या गेल्या. पॅसेज पिवळा झाला. छत्री, पिशवी, भिंतीवरचा ओलीचा डाग, लेकीच्या कपाळावरचे केस, सगळं त्या रंगात न्हालं. लेक स्टूल घेऊन तिथंच बसली. आम्हीही जमिनीवर बसलो, भिंतीला पाठ लावून, पाण्याच्या काठी बसावं तसे. उजेड पिकत होता, पण कुठल्या क्षणी ते कुणाला सांगता आलं नसतं. नारिंगीची चाहूल लागली तेव्हा लेकीचा पाय चपलेकडे सरकला.

"अजून नाही," डिमर म्हणाला.

ती परत टेकली. काचेवरून नजर न काढता म्हणाली, "बाबा, आणि एखाद्या दिवशी ती टिचकी मारायलाच विसरली तर?"

डिमरनं पाय लांब केले. "तर खिडकीत उभं राहून हाक मारू. मला ती लहानपणी अंधार पडला की तशीच घरी आणायची."