नोंद आढळून येत नाही

अकरा जानेवारी. वरच्या खोलीचं तीन दिवसांचं भाडं, पंधराशे रुपये, आगाऊ मिळालं. हजर होतो मी, माझी बायको, शेजारी राहणारे इंग्रजीचे सर आणि आयर्लंडहून आलेल्या साठीच्या एक बाई.

अंबाजोगाईला निजामाच्या काळी फौजेची छावणी होती. बाईंच्या पणजोबांचे वडील त्या घोडदळात होते. गेली काही वर्षं त्या आपल्या घराण्याची वंशावळ जुळवत होत्या. गावोगावच्या चर्चची दप्तरं, फौजेच्या याद्या, सगळं धुंडाळून झालं होतं. त्या घोडेस्वाराच्या एका मुलीची कबर तेवढी राहिली होती.

सर, मी आणि बायको त्यांना गोऱ्यांच्या जुन्या कब्रस्तानात घेऊन गेलो. बाभळी माजलेल्या. शेळ्या राखणारा एक म्हातारा भेटला.

"दगड कवाच गेले की," तो म्हणाला. "ज्याला लागले त्यानं नेले. आमच्या मोरीत बी एक हाय."

"त्यावर काही लिहिलंय का?"

"आसंल. उलटा बसवलाय." मग सरांकडे वळून म्हणाला, "आन् ही बाई पणजाची बहीण हुडकायला इमानात बसून आली? आमच्यात सख्खे भाऊ बांधावर बोलत न्हाईत!"

सरांनी इंग्रजीत सांगितल्यावर बाई हसल्या. मग बाभळीच्या सावलीत बसून त्यांनी पिशवीतून एका पानाची प्रत काढली. चर्चच्या दफनाची नोंद होती. सरांनी मराठीत वाचून दाखवली : अमक्या शिपायाची मुलगी, नाव ठेवलेलं नाही, वय नऊ दिवस.

बायकोनं तो कागद हातात घेतला. तिला इंग्रजी येत नाही. तरी बराच वेळ बघत राहिली.

त्या दिवशी स्वयंपाक करताना ती म्हणाली, "अहो, नऊ दिवसांच्या पोरीचं लिहून ठेवलं त्यांनी. शंभरावर वर्षं झाली. आपल्या पोरीचं कुठं लिहिलंय हो?"

आमची पहिली मुलगी बायकोच्या माहेरी, नांदूरघाटला, घरीच झाली. सहाव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. सासरे, म्हणजे आण्णा, आणि मी शेताच्या कडेला जाऊन आलो. बायका जात नाहीत, म्हणून ती घरीच राहिली. त्या दिवसानंतर आमच्यात या विषयावर चोवीस वर्षांत एक वाक्य झालं नव्हतं. मुलगा नंतर झाला. कुणी विचारलं तर आम्ही दोघंही "एकच" असं सांगत आलो.

बाई गेल्यावर आम्ही नांदूरघाटला गेलो. ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं होती. ग्रामसेवक पोरगेलासा, पण नीट माणूस. त्यानं त्या वर्षाचं आणि पुढच्या वर्षाचं, दोन्ही रजिस्टरांचं पानन् पान बघितलं.

"काका, न्हाई. कुणी कळवलंच नसंल."

"आता घालता येईल का?"

"लई जुनं हाय. वरून आदेश लागंल. दवाखान्याचा कागद हाय का?"

"घरीच झाली होती."

"सुईण?"

"वारली," बायको म्हणाली. "माझी आई बी, आण्णा बी."

त्यानं रजिस्टर मिटलं. मग म्हणाला, "मावशी, नोंद मिळत न्हाई एवढा दाखला देऊ शकतो. पण त्याचा उपयोग काय?"

"द्या."

तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. आईचं नाव. वडिलांचं नाव. लिंग. जन्माची तारीख, जी मी विसरलो होतो आणि तिला वेळेसकट पाठ होती. मुलाचं नाव या रकान्यापाशी तो थांबला.

"ठेवलं नव्हतं," ती म्हणाली.

त्यानं आडवी रेघ ओढली. खाली ठरलेलं वाक्य : वरील बाळाची नोंद या कार्यालयाच्या दप्तरी आढळून येत नाही. सही, शिक्का. फी वीस रुपये, मी दिली, पावती घेतली.

बसस्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात तिनं तो कागद पुढे केला आणि लॅमिनेशन करायला सांगितलं. दुकानदारानं वाचला.

"ताई, यात तर न्हाई म्हणून लिहिलंय. काहून पैसे घालवता?"

"करा तुमी."

मी खिशात हात घातला, तर तिनं माझं मनगट धरलं. कनवटीची छोटी पर्स काढून तिनंच दुकानदाराला तीस रुपये दिले.