प्रारंभिक चालना

२ फेब्रुवारी १९०१. शिरगणतीच्या कारकुनाने त्या घरात नोंदवलेले जीव पाच: संशोधक, त्याची आई, धाकटा भाऊ, बायको आणि सहा महिन्यांची मुलगी. काम करणारा एक, बाकीची चार बसून खाणारी. ही नोंद करता करता कारकून दिवाणखान्यातल्या यंत्राकडे तोंडात बोट घालून बघत होता. त्या वेळी बायको भिंतीपलीकडच्या कोठीत उभी होती आणि तिचा उजवा हात फिरत होता.

एकदा सुरू झाले की कोळसा, वाफ, पाणी यांपैकी काहीही न मागता कायम चालेल असे यंत्र संशोधकाने रचले होते. चाकाने डायनामो फिरवायचा, डायनामोने दिवा लावायचा आणि उरलेल्या विजेने पुन्हा चाक फिरवायचे. कागदावर ते उत्तम चालत असे. दिवाणखान्यात मात्र चार फेऱ्यांतच त्याला धाप लागे. तेव्हा त्याने बायकोला सांगितले, की घर्षण मुरेपर्यंत मागून जरा हात लाव. भिंतीला भोक पाडून चामडी पट्टा कोठीत नेला आणि तिथे एक दांडा बसवला. या मदतीला त्याने ‘प्रारंभिक चालना’ असे भारदस्त नाव दिले. तीन वर्षे लोटली तरी घर्षण काही मुरले नाही.

त्याला लबाड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण बायकोचा हात हा ऊर्जेचा स्रोत असतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. घरात पाणी भरले जाई, अन्न शिजे, कपडे धुतले जात. ही सारी यंत्रे त्याने जन्मापासून आपोआपच चालताना पाहिली होती.

सासू कोठीत डबे काढायला आली की दांड्याकडे बघून नाक मुरडी. “आमच्याही हाताला जातं होतं, बाई,” ती म्हणे, “पण ते निदान पीठ तरी द्यायचं.”

मुलगी झाल्यावर पाळणाही कोठीत आला. त्याची दोरी बायकोच्या पायाला बांधलेली असे. हाताने वीज, पायाने झोप. मूल फारच रडू लागले की ती वाकून त्याला थोपटी आणि दिवाणखान्यातला दिवा मंदावे. पाहुणे विचारू लागले, तसा संशोधकाने त्यावर सिद्धान्त मांडला: रडण्याच्या लहरी चाकाला अडवतात. त्याचे नाव ध्वनिबाधा.

मग कळले, की दोन प्राध्यापक आणि एक गिरणीमालक परीक्षेला येणार आहेत. त्यांनी मान्यता दिली, तर गिरणीमालक वीसपट मोठे यंत्र उभारून देणार होता. जेवायला वाढताना बायकोने विचारले, त्यालाही हात लागेल का.

“सुरुवातीपुरता,” संशोधक म्हणाला.

“आणि मुलगी?”

“ती तोवर मोठी होईल की. तुला हातभार लावील.” त्याने हे मोठ्या मायेने सांगितले.

ती भांडे दोन्ही हातांनी धरून वाढत राहिली. उजवा एकटा आता भार पेलत नसे.

परीक्षेच्या दिवशी पाळण्याची कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून तो मागच्या पडवीत नेण्यात आला आणि सासूला त्याच्यापाशी बसवले. दिवा झळाळला. गिरणीमालकाची कळी खुलली. तेवढ्यात पडवीतून टाहो आला आणि कोठीतला हात अडखळला. दिवा मंदावला. “ध्वनिबाधा,” संशोधकाने जाहीर केले. तरुण प्राध्यापक हरखून गेला. थोरल्याने लहरींच्या उंचीविषयी शंका काढली. दोघे रंगात आले. भिंतीपलीकडे बायको ऐकत होती. रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांची उचकी झाली. तिने दांडा सोडला आणि पडवीत जाऊन मुलीला उचलले.

रडणे थांबले. दिवा विझला.

“ध्वनी गेला,” थोरला प्राध्यापक म्हणाला, “मग आता बाधा कसली?”

गिरणीमालकाचे सिद्धान्ताशी देणेघेणे नव्हते. पट्टा कुठे जातो हे पाहण्याची त्याला धंद्याची सवय होती. तो त्याच्या मागोमाग कोठीत गेला, बाकीचे त्याच्या मागे. तिथे कोणी नव्हते. दांडा अजून ऊबदार होता. पडवीत बाई मुलीला पाजत बसली होती. थोरल्या प्राध्यापकाने मान वळवून, आदबीने विचारले, यंत्र तुम्ही चालवत होता का.

“छे,” ती म्हणाली. “माझी नुसती सुरुवात होती.”

अहवाल आला, तो दिराने घरात वाचून दाखवला. फसवणुकीची साधने म्हणून पट्टा, दांडा आणि भिंतीतले भोक यांची नोंद होती. निष्कर्ष असा, की यंत्रात ऊर्जेचा कोणताही स्रोत नाही.

“भाऊजी, दिवा तीन वर्षं लागत होता ना?”

“लागत होता, वहिनी.”

“मग मी काय होते?”

दिराने पान उलटून पाहिले. मागची बाजू कोरी होती.

संशोधक पुढे वीजकंपनीत मीटर तपासनीस झाला आणि परक्यांच्या घरांत किती ऊर्जा खर्च होते ते बिनचूक लिहू लागला. मुलीच्या हाती तो दांडा कधी आला नाही. आईने तो चुलीत घातला होता. यंत्र त्या प्राध्यापकांच्या कॉलेजच्या विजेच्या दालनात आहे. काहीच न देता ऊर्जा मिळत नाही, हा धडा त्याच्यासमोर विद्यार्थ्यांना शिकवतात.

तो दिवा तीन वर्षे एका बाईने लावला. तिच्या श्रमाचे देणे कोणी दिलेले नाही.