साहेबाच्या आडनावातला सुतार

२००८ च्या शेवटी आमच्या दुबईतल्या फर्निचर कंपनीकडची कामं थांबली आणि बारा जणांना घरी पाठवायची यादी टाइप करायला माझ्याकडे आली. सातवं नाव मालवणकडच्या मिस्त्रींचं. पिढीजात सुतार, वय बावन्न, घरी दोन मुली शिकत होत्या. निर्णय स्कॉटिश मॅनेजरसाहेबांचा होता, माझा फक्त कीबोर्ड.

मिस्त्री नोटीस घ्यायला केबिनमध्ये आले. दुभाषी मी. आपली माणसं नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात. मिस्त्रींना चार वर्षांत साहेबांना ते विचारायची संधी मिळाली नव्हती, ती त्यांनी आज साधली.

"बाई, जाता जाता ह्यांका इचारा, मॅकिन्टायर म्हणजे काय?"

साहेब खुलले. रडारड होईल म्हणून ते सकाळपासून घाबरलेले होते. मॅक म्हणजे मुलगा, पुढचा भाग जुन्या गेलिक भाषेतला सुतार. आयर्लंडमध्येही त्याच अर्थाचं आडनाव आहे. मग मूळ पुरुषाची दंतकथा: भर समुद्रात होडीच्या तळाची खुंटी निसटली, पाणी घुसू लागलं. त्याने भोकात अंगठा घातला. पण सुकाणू धरायला कुणी नव्हतं, म्हणून कुऱ्हाडीने अंगठा तोडून तिथेच ठेवला. होडी वाचली.

मी भाषांतर केलं. मिस्त्री विचारात पडले.

"आंगठो कित्याक? भोक बुजवूक कापूस नि राळ नाय होती बोटीर?"

मी तेही जसंच्या तसं सांगितलं. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"आंगठो गेलो म्हणजे चूक झाली," मिस्त्रींनी डावा हात पुढे केला. आमच्याच वर्कशॉपच्या करवतीने त्याचा अंगठा अर्धा नेला होता. "ह्याची गोष्ट कोण सांगणा नाय."

साहेब त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग पेन उचलून त्यांनी यादीतलं सातवं नाव खोडलं. "खलास," ते म्हणाले. त्यांना अरबीतला तो एकच शब्द येत होता: झालं, विषय मिटला.

चार महिन्यांनी हेड ऑफिसकडून दुसरी यादी आली. तीत एकच नाव होतं, साहेबांचं. त्यांचं सामान पाठवायची लाकडी खोकी मिस्त्रींनी दोन दिवस बसून बनवली. एकही कप फुटला नाही, असा साहेबांचा मेल आला. मी तो वाचून दाखवला.

मिस्त्रींनी रंधा पुसला. "साहेब भावकीतलो होतो," ते म्हणाले, "पण सुतार नाय होतो. आपलो आंगठो देवन बसलो."