एका फेरीपुरतं

होडी ट्रेलरवर कोरडी ठणठणीत उभी होती आणि मी तिच्यात बादलीनं पाणी ओतत होतो. इंदिरानगरमधल्या एका सोसायटीचं पार्किंग. होडीचे मालक गायकवाड सर, निवृत्त शिक्षक. त्यांना काही राहवेना.

"अहो शिंदे, पाणी बाहेर राहायला पाहिजे, तुम्ही आत भरताय!"

"आत भरलं की कुठून बाहेर येतं ते दिसतं, सर," मी म्हणालो आणि पाण्यात कपड्यांची नीळ टाकली.

शेजारी खुर्चीत त्यांच्या पत्नी सुमनबाई बसल्या होत्या. भर उकाड्यात डोक्याला स्कार्फ. "सेंटरबोर्डच्या खोक्यातून गळतंय," त्या म्हणाल्या. "यांना केव्हाची सांगतेय." पाच मिनिटांत निळा थेंब तिथूनच टपकला.

सेंटरबोर्ड म्हणजे शिडाच्या होडीच्या पोटातून पाण्यात खाली सोडायची फळी. ती नसली तर वारा होडीला आडवीच ढकलत नेतो. ही फळी ज्या खोक्यातून उतरते, त्याच्या सांध्यात जुन्या होड्या गळतात. बाई कॉलेजात नेव्ही कॅडेट होत्या, शीड तिथं शिकलेल्या. गंगापूर धरणावर होडी त्याच चालवायच्या. सर नुसते बसायचे.

माझं सिन्नरला फायबरचं वर्कशॉप आहे. टाक्या, कूलरच्या बॉड्या, असलं काम. होडी तिकडे नेली. सांध्याजवळ नाण्यानं ठोकून पाहिलं. चांगल्या जागी टणटण वाजतं, इथं भद्द. कापून उघडलं तर आतलं प्लायवूड काळं, ओलंचिंब. फायबर चिकटवायला आम्ही रेझिन वापरतो, आणि ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही. आधी वाळवणं आलं. पावसाळी हवा. हॅलोजन लावून ठेवला तरी ओल हटेना.

सरांचे फोन सुरू झाले. "कुठवर आलंय?" मी म्हणायचो, वाळतंय. मग एक दिवस ते स्वतःच बसने आले.

"शिंदे, वरून काहीतरी लावून एक फेरी मारता येईल का? काठाकाठानं. मग परत उघडा हवं तर."

येत होतं. पुट्टी भरून वर फायबरची पट्टी मारली असती तर तासभर नक्की टिकलं असतं. मला ते माहीत होतं. पण माझा तोरा आडवा आला.

"सर, असला जुगाड माझ्याकडे होत नाही. नीट झालं की दहा वर्षं बघायला नको."

"दहा वर्षं," सर म्हणाले. होडीवरून एकदा हात फिरवला आणि परतीची बस पकडायला निघाले.

काम पुरं व्हायला आणखी महिना लागला. मी मोठ्या खुशीत फोन केला. सर एकटेच आले.

"बाई नाही आल्या?"

"ती गेली, शिंदे. परवा जलदानविधी झाला."

"सर, आजारी होत्या तर बोलायचं ना! त्याच दिवशी पट्टी मारून दिली असती."

"तिनंच नको म्हटलं. आजारपण सांगून कुणाला घाई करायची नाही, त्याचं काम त्याला त्याच्या पद्धतीनं करू दे, म्हणाली."

स्कार्फ तर मी पाहिला होता. विचारलं नव्हतं.

"बघा, गळतं का," सर म्हणाले. मी बादल्या ओतल्या, नीळ टाकली. आम्ही दोघं स्टुलांवर बसून तासभर खाली बघत राहिलो. एक थेंब पडला नाही. कोरड्या फरशीची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

होडी अजून माझ्या शेडमध्येच आहे. सरांना शीड चालवता येत नाही आणि होडी विकवत नाही. आता नवीन गिऱ्हाईक आलं, की काम किती वर्षं टिकायला हवं हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, कधी हवंय आणि कुणासाठी.