लाम-साय कधीच आधी सुरू करत नाही

चित्रांच्या प्रदर्शनात माणसं इतकी हळू का चालतात, हे मला कोणीतरी समजावून सांगावं. खोली केवढी, चित्रं किती, पायात जरा जोर असेल तर चहा निवायच्या आत सगळं बघून होतं. पण नाही. एकेका चित्रासमोर हात पाठीमागे बांधून, मान तिरकी करून उभे. पुढच्या चित्राकडे निघाले की पुन्हा मागच्याकडे येणार. मी दुपारपासून तिथे होतो आणि माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. हेल्मेट एकदा या हातात, एकदा त्या हातात.

मी आ-होक. बेइतौच्या चढणीवर जन्मभर मोटरसायकल चालवली. बस जात नाही त्या गल्ल्यांतून गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या हॉटेलांपर्यंत माणसं पोचवायची, हा धंदा. त्यातली सगळ्यात अवजड सवारी म्हणजे को त्सुई-लाम. माणूस काडीसारखा, पण छातीवर अकॉर्डियन. बेइतौमधल्या हॉटेलांत पाहुण्यांची मैफल असली की गायला-वाजवायला नाकासीवाले बोलवायचे. तिघांचा ताफा असायचा: एक ढोलवाला, तो पुढे ताइचुंगला निघून गेला, लाम, आणि गायला त्याची बायको, स्योक-हा. सगळे त्याला लाम-साय म्हणतात. साय म्हणजे ज्याच्या हातात कला आहे असा माणूस, मग तो सुतार असो की वाजवणारा. आणि त्याची बायको म्हणून ती आमची आ-सो, म्हणजे वहिनी.

एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात त्यांना पोचवायचं, मधल्या वेळात दुसरी सवारी करायची आणि न्यायला आलो की दाराशी गाडी चालू ठेवून थांबायचं. गाडी बंद केली की चढावर पुन्हा सुरू व्हायला रुसायची, म्हणून तिथे मी ती कधी बंद केलीच नाही. त्यामुळे झालं काय, की मला सगळी गाणी येतात, पण फक्त शेवटची कडवी. मी न्यायला पोचायचो तेव्हा गाणं संपत आलेलं असायचं.

लाम-सायची एक रीत होती. खोलीत शिरायचा, कमरेत वाकायचा आणि म्हणायचा, "पाहुण्यांनी सुरुवात करावी." दारू चढलेला पाहुणा गाढवासारखा का ओरडेना, लाम-साय त्याच्यामागून जाणार. पाहुणा एक ओळ गाळेल, तो गाळणार. पाहुणा मध्येच रडायला लागला तर तो रडं संपेपर्यंत एकच सूर धरून बसणार. पाहुणा कधी चुकत नाही, असं तो म्हणायचा. मी एकदा त्याला विचारलं होतं, इतक्या कालव्यात तुला आवाज ऐकू तरी येतो का?

"आवाज कोण ऐकतंय?" तो म्हणाला होता. "आवाज ऐकून निघालास तर वरातीमागून घोडं. खांद्याकडे बघायचं. श्वास घेतला की निघायचं."

मी हसलो होतो. वाजवणारे असंच काहीतरी बोलतात.

मग हॉटेलांत गाण्याची यंत्रं आली. बटण दाबलं की अख्खा वाद्यवृंद. लाम-सायला बोलावणी यायची थांबली. अकॉर्डियन कपाटावर चढलं आणि हा खिडकीशी बसून गल्ली बघायला लागला. आ-सो मात्र घरात गायची. पालेभाजी निवडताना, भांडी घासताना. असाच एकदा निवडणुकीचा जुना पोस्टर घरात पडला होता, जाडजूड, मागून कोरा. शेजारी पाट्या रंगवणारा राहायचा, त्याचे उरलेले डबे जिन्यात होते. आ-सो स्वयंपाकघरात गात होती आणि लाम-सायने डब्यात ब्रश बुडवला. बस्स. तिथून पुढे रोजच. कुठल्या उमेदवाराच्या पाठीवर काय रंगवलं याची त्या उमेदवारांना काही कल्पना नसावी.

चित्रात काय असतं म्हणाल, तर मला विचारू नका. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. एक लाल पट्टा लांबवर जातो, अडखळतो, त्याच्या पोटातून निळा निघतो. मेकॅनिकचं फडकं मी याहून रंगीत पाहिलंय. पण खालच्या नूडलवाल्याने भिंतीची ओल झाकायला त्यातलं एक टांगलं, आणि तिथे जेवायला आलेल्या चिएन बाईंनी अर्धा वाडगा तसाच सोडून ते चित्र कोणाचं म्हणून विचारलं. बाईंची गॅलरी आहे खालच्या रस्त्याला. भली बाई. तिने सगळे पोस्टर सरळ केले, चौकटी केल्या, दारात लाल फिती बांधलेली ऑर्किडची फुलं मांडली.

आता खरी गोष्ट, आणि ती त्या खोलीत आम्हा तिघांनाच ठाऊक होती. भिंतीवरची सगळी चित्रं जुनी होती. वसंतात आ-सोच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. बोलते, पण नुसती हवा. गाणं तर सोडाच. आणि त्या दिवसापासून लाम-सायच्या ब्रशातून एक रेघ उमटली नव्हती. रोज दुपारी कागद पसरायचा, डबा उघडायचा, रंगावर साय धरेपर्यंत बसून राहायचा. आ-सोला ते बघवेना. आपलं तोंड समोर दिसलं की त्याला जास्तच वाईट वाटत असणार, म्हणून ती रोज दुपारी गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहात जाऊन बसायची. मीच पोचवायचो. एकदा गाडीवर मागून माझ्या हेल्मेटला तोंड लावून म्हणाली, "माझा गळा गेला तो गेला, आ-होक. त्याचा हातही मीच घेऊन गेले बघ."

मी गाडी जरा जोरात दामटली.

आणि चिएन बाईंनी काय करावं? शेवटच्या दिवशी तीन वाजता लाम-साय सगळ्यांसमोर चित्र काढतील, असं जाहीर केलं. त्याला विचारलं तेव्हा तो हो म्हणाला. पाहुण्याला नाही म्हणायची सवयच नाही त्या माणसाला.

म्हणून मी दुपारपासून येरझाऱ्या घालत होतो. खोलीच्या मधोमध टेबल, त्यावर पांढराशुभ्र कागद, बाजूला नवे कोरे रंग. लाम-साय कोपऱ्यातल्या स्टुलावर लग्नातला कोट घालून बसला होता. येईल त्याला उठून वाकून नमस्कार करत होता आणि मधूनमधून त्या कागदाकडे असा बघत होता, जणू त्यावर डॉक्टरचा रिपोर्ट आहे.

"पोटात काही ढकललंस का?" मी विचारलं.

"अननसाचा केक खाल्ला."

"केक नको, आल्याचा काढा घे. तोंड बघ कसं झालंय. चल ना मागच्या दाराने. गाडी दाराशीच आहे. सांगू, पोट बिघडलं."

"आलेले लोक आहेत रे," तो म्हणाला आणि पुन्हा एका बाईला नमस्कार करायला उठला.

ती बाई माझ्याकडेच वळली. "तुम्ही यांना ओळखता वाटतं? हे सगळं आतून येतं म्हणतात ना?"

"आतून म्हणजे स्वयंपाकघरातून," मी म्हणालो. तिला तो विनोद वाटला.

आ-सो दारापाशी होती, एवढ्या उकाड्यात गळ्याला रुमाल. मी जवळ गेलो तशी तिने माझी बाही धरली. "मला आंघोळीला सोड. आत्ता."

"तीन वाजत आलेत, आ-सो."

"म्हणूनच. मी इथे असले तर त्याला अजूनच जमायचं नाही. त्याची फजिती मला बघायची नाही." तिच्या हवेच्या बोलण्यातही धार होती. "तुझं एका जागी बूड टेकत नाही एरवी, आज नेमका चिकटलास होय?"

मला निघायचंच होतं. खोटं कशाला बोलू, मलाही ती फजिती बघायची नव्हती. मी किल्ली काढली. आम्ही उंबऱ्यापर्यंत पोचलो आणि मागे चिएन बाईंनी टाळी वाजवली. लोक टेबलाभोवती गोळा झाले, आमची वाट अडली.

लाम-साय टेबलाशी आला. ब्रश उचलला, लाल रंगात बुडवला आणि थांबला.

आधी लोकांना ते आवडलं. कलावंत विचार करतोय म्हणून सगळे श्वास रोखून. मग कोणीतरी खोकलं. एकाने फोन वर धरला होता, त्याचा हात दुखून खाली आला. ब्रशाच्या टोकाचा थेंब कागदावर पडेल की काय, असं वाटत होतं. चिएन बाई हळूच म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या, लाम-साय. आतून येईल."

लाम-सायने मान वर केली. घामाने कपाळ चमकत होतं. तो कमरेत वाकला आणि त्या परक्या लोकांना म्हणाला, "पाहुण्यांनी सुरुवात करावी."

लोक हसले. दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. तो हसत नव्हता. तो खरोखर वाट बघत होता.

कोणीतरी मला कमरेपाशी चिमटा काढला. आ-सो. "तू म्हण."

"मी?"

"तोंड आहे ना? आवाज आहे ना? म्हण."

"आ-सो, मी गायलो तर कुत्री गोळा होतील."

"त्याने याहून वाईट ऐकलंय. म्हण म्हणते ना."

मी हेल्मेट छातीशी धरलं आणि म्हणायला लागलो. बंदरावरचं गाणं होतं, आ-सोचं ठेवणीतलं. अर्थात शेवटचं कडवं, दुसरं मला येतं कुठे. "दिवा विझव आता, बोट काही येत नाही." आवाज कुठून निघाला मलाच कळेना. पुढे उभा असलेला एक माणूस दचकून बाजूला झाला.

आणि लाम-सायचा हात हलला. कागदाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, जिथे चित्र संपायला हवं तिथे त्याने सुरू केलं. मी शेवटापासून म्हणतोय तर तोही शेवटापासून. माझा सूर घसरला तिथे रेघ घसरली. मला ठसका लागला तर ब्रश टेकवून थांबला. पाहुणा चुकत नाही.

पण कडवं संपलं. मी तेच पुन्हा म्हटलं. पुन्हा संपलं. आता ब्रश हवेत आणि लाम-साय माझ्याकडे बघतोय. मी आ-सोकडे वळून खुणेने विचारलं, पहिलं कडवं काय?

ती कपाळाला हात लावून पुढे आली. लोकांना सारत थेट टेबलापाशी, लाम-सायकडे पाठ करून माझ्या आणि त्याच्या मधोमध उभी राहिली, म्हणजे मला तिचे ओठ दिसावेत. शब्द पुरवायला आली होती, एवढंच. तिने श्वास घेतला. खांदे वर आले, गळ्यावरचा रुमाल हलला, आणि ओठांवर पहिला शब्द जुळायच्या आत लाम-सायचा ब्रश निघाला.

मी शब्द ओळखून म्हणायला तोंड उघडलं तोवर तो अर्धा हात पुढे गेला होता. दुसऱ्या ओळीला तेच. मला तिच्या ओठांवरून काही लागेना. मी मागे पडलो, मग गप्प झालो. खोलीत कोणीच गात नव्हतं. ती नुसते ओठ हलवत होती, मला ऐकू जावं म्हणून जीव तोडून, आणि कागदावर लाल रंग धावत होता, थांबत होता, तिच्या खांद्याबरोबर उठत होता.

"आ-होक, गप्प का झालास?" ती कुजबुजली. "म्हण ना, तो थांबेल."

"मी केव्हाचाच गप्प आहे, आ-सो."

तिने मान वळवली. त्याचा हात बघितला. मग कागद. मग पुन्हा त्याचा हात. मी तिला उभ्या आयुष्यात कधी शब्द विसरताना पाहिलं नव्हतं, पण तेव्हा ती तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली.

"म्हणजे मी नुसती समोर बसले असते तरी..."

"बसलीस कुठे?" लाम-साय म्हणाला. त्याने ब्रश उचलला नव्हता. "रोज दुपारी आंघोळीला पळतेस. श्वास घे. दुसरं कडवं राहिलंय."

मला तिथे थांबवेना. डोळे भरून आले होते आणि हेल्मेट घालायची सोय नव्हती. मी बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो, ती स्वच्छच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीने त्यांच्या गल्लीत गेलो आणि हॉर्न दिला. आ-सो खाली आली नाही. वरच्या खिडकीतून लाम-सायचं डोकं बाहेर आलं, गालाला निळा रंग.

"ती येत नाही," तो ओरडला. "हॉर्न वाजवू नकोस. गाणं चाललंय."

मी कान दिला. वरून काहीच ऐकू येत नव्हतं. आमच्याच गाडीचं फटफट मध्ये येतंय की काय म्हणून मी किल्ली फिरवून ती बंद केली आणि पायरीवर बसलो.