साहेबांच्या बाहीचा धागा

शर्टांच्या कारखान्यात लाकडी फळ्यांच्या आडोशापलीकडे एकदा मालक आणि मालकीणबाई कडाकडा भांडले. ते भांडण मावशीच्या कानावर पडलं आणि तिची झोप उडाली ती उडालीच.

"सरकारने मजुरी ठरवली म्हणून मी काय कारखाना विकू? मशीनवाल्यांना देईन. नुसते धागे कापायला कुठून देऊ?"

"मग मावशींना काय सांगणार?"

"घरी बसा म्हणून सांगणार!"

मावशी शिवलेल्या शर्टांचे लोंबते धागे कापायची. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं औषध त्या बोटभर कात्रीवर चालायचं. त्या दिवसापासून मालक नुसते खाकरले तरी तिची कात्री भरभर चालायला लागायची. चहासुद्धा ती अर्धाच घेऊ लागली. उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको!

मग मजुरीच्या तपासणीचे सरकारी साहेब येणार अशी कुणकुण लागली. मालक जवळ येऊन म्हणाले, "मावशी, विचारलं तर माझी सख्खी मावशी म्हणून सांगा. सहज भेटायला आलात. हात मात्र कशाला लावू नका."

शेजारी शर्टांना काजं करणारी बाई खुदकन हसली. "बघा बाई, मालकांच्या नात्यात गेलात. आता आम्हाला विसरू नका."

मावशीला कसलं हसू येतंय!

साहेब आले तेव्हा ती मालकांच्या खुर्चीत अवघडून बसली होती. जन्मात कधी तिथे टेकली नव्हती.

"आजी, इथे काम करता का?"

"छे हो. भेटायला आलेय." तेवढं निभावलं. साहेब वळले, आणि त्यांच्या बाहीला लोंबणारा धागा तिला दिसला. कात्री मुठीत होतीच. हात आपसूक पुढे गेला. कच्च!

साहेबांनी बाही बघितली, कात्री बघितली, मग मालकांकडे बघितलं. "तुमची मावशी भेटायला येताना कात्री घेऊन येते?"

त्यांनी तिला कामगारांत धरायला लावलं, ठरलेली मजुरी द्यायला बजावलं. कायद्याने चांगलंच झालं म्हणायचं. संध्याकाळी मालक मान खाली घालून म्हणाले, "मावशी, एवढं मला झेपायचं नाही. आजवरचं सगळं चुकतं करतो. उद्यापासून येऊ नका. काम निघालंच तर घरी पाठवीन."

"कधी?"

"बघू."

मावशीने जमीन झाडली, धाग्यांचा कचरा पोत्यात भरला आणि रोजच्यासारखा कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडे नेला.

"उद्या जरा जास्त आणा, मावशी," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. रिकामं पोतं तिने नीट झटकलं आणि घडी घालून काखेत मारलं.