मामाच्या खुणेपर्यंत नेऊ नये

आमच्या घराण्यातल्या सर्वांचे डोळे एकमेकांपासून जरा जास्त लांब आहेत. ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या लक्षात आली नव्हती. ती उघडकीस आली माझ्या भाचीला बघायला कसाऱ्याचे पाहुणे आले त्या रविवारी, आणि तीही फूटपट्टीनं!

भाची म्हणजे वैशाली, माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. अक्काचं सासर टोकावड्याला. तिथून रोज कल्याणच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणं शक्य नव्हतं, म्हणून वैशू शहापुरात आमच्याकडे राहून शिकत होती. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. दोन ठिकाणी खातरजमा केल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हा माझा नियम. (या नियमाचं काय झालं, ते पुढं येईलच.)

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. वैशू शेवटच्या वर्षाला होती आणि तिला प्रोजेक्ट करायचा होता. तिनं ठरवलं की डोक्यात घालायचं एक यंत्र बनवायचं. ते घातलं की माणसाला आपण दुसऱ्याच जागी उभे आहोत असं वाटलं पाहिजे, आणि चित्र थेट डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत भरून दिसलं पाहिजे. त्यासाठी तिनं माझे अविवाहित थोरले बंधू दादा यांचं हेल्मेट घेतलं, ट्रॅव्हल्सच्या गाडीत लावतात तसला छोटा टीव्ही त्याच्या तोंडावर बसवला, आणि आत पत्र्याच्या पट्टीवर दोन जाड भिंगं ठोकली. दादा त्यानंतर स्कूटर घेऊन फक्त गल्लीबोळातून जात असे.

हे सगळं कॉलेजपुरतं असतं तर प्रश्न नव्हता. पण वैशूला पुण्याच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती, आणि तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, यांनी अट घातली होती.

"प्रोजेक्टात पास झालीस तर जा पुण्याला, मी नाय म्हणणार नाय," दाजी म्हणाले होते. "अडकलीस तर मे महिन्यात मांडव. हा माझा शब्द."

दाजी शब्दाचे पक्के होते. त्यामुळे ते हेल्मेट आमच्या घरातली सर्वांत महत्त्वाची वस्तू बनलं.

त्यात दिसायचा एक मोठा सभामंडप. दोन्ही बाजूंना खांब, खाली चौकटीची फरशी. पहिल्या दिवशी दादानं ते घातलं आणि सांगितलं, "खांब धनुष्यासारखे वाकलेत." वैशूला हे अपेक्षित होतं. चित्र मोठं दिसायला भिंग जाड लागतं, आणि भिंग जाड झालं की चित्राच्या कडा ताणल्या जातात. उपाय असा, की चित्रच आधी उलट्या बाजूला वाकवून काढायचं. भिंग त्याला ताणून सरळ करतं.

"मामी, तू ब्लाउजची बाही टेबलावर वाकडी कापतेस ना?" वैशूनं माझ्या पत्नीला, मंदाला समजावलं. "म्हणून ती खांद्यावर सरळ बसते. तसंच हे."

महिनाभर ती चित्र वाकवत होती आणि आम्ही आळीपाळीनं हेल्मेट घालून सांगत होतो, "अजून थोडं... डावीकडचा खांब... हां, हां, बस!" शेवटी एके दिवशी दादा, मी, माझे दोन्ही मुलगे, टोकावड्याहून आलेली अक्का आणि स्वतः वैशू, सर्वांना सगळे खांब उभे दिसले. दाजींनी मात्र "मी डोक्यात काय घालणार नाय" असं जाहीर केलं होतं. राहिली मंदा.

मंदानं हेल्मेट घातलं आणि भिंत धरली.

"वैशू, खांब पडायला आलेत गो! आणि माझ्या पोटात ढवळतंय."

"तुझी ॲसिडिटी असेल," मी म्हणालो.

"खांबांना कशी ॲसिडिटी होईल?"

मी वार्ताहराच्या शिस्तीनं निर्णय दिला. खांब सरळ असल्याचं सांगणारे घरातले सगळे. वाकडे असल्याचं सांगणारी एकटी मंदा, आणि तिला आमच्या घरात आल्यापासून पुष्कळच गोष्टी वाकड्या दिसत होत्या. बहुमत स्पष्ट होतं. वैशूला शेजाऱ्यांच्या डोक्यावरही चाचणी घ्यायची होती, पण मी सक्त मनाई केली. बातमी फुटली असती! "शहापूरच्या कन्येची आभासी भरारी" हा मथळा मी तयार ठेवला होता आणि तो फक्त आमच्या दैनिकात यायला हवा होता.

प्रोजेक्टची परीक्षा सोमवारी ठरली. दाजींनी आदल्याच दिवशी, रविवारी, पाहुणे बोलावले. "बघून तर जाऊ दे," ते म्हणाले. "सोमवारी अडकली तर पुढचा वेळ वाचंल."

कसाऱ्याहून जीप आली. तिच्यातून मुलगा प्रशांत उतरला. तो रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या कामावर होता. मागून त्याची आई, मावशी आणि बोलणी करणारे काका, तात्या उतरले. त्यांच्यानंतरही माणसं उतरतच राहिली. मंदानं आत जाऊन पोह्यांत आणखी पोहे टाकले.

"मुलीला सयपाक येतो ना?" तात्यांनी विचारलं.

"सगळं येतं," दाजी म्हणाले. "भाकऱ्या तर काय विचारू नका."

(विचारलं नाही ते बरंच झालं. वैशूच्या भाकरीच्या कडा सरळ करणारं भिंग अजून निघालेलं नाही.)

इथं गप्प राहणं माझ्या हातात होतं. पण मी म्हणालो, "भाकऱ्यांचं सोडा, तिनं यंत्र बनवलंय!" गुप्ततेची सक्ती मीच केली होती आणि मीच हेल्मेट बाहेर आणलं.

तात्यांनी ते टोपीवरूनच घातलं.

"काय दिसतंय?"

"काय नाय. उजेड दिसतो."

"टोपी काढावी लागेल, तात्या."

सोयरिकीच्या बैठकीत टोपी काढायची म्हणजे काय! कसाऱ्याच्या मंडळींत कुजबुज झाली. शेवटी तात्यांनी टोपी प्रशांतच्या हाती दिली आणि हेल्मेट खाली ओढलं. मग ते ओरडले, "आरं, देऊळ पडतंय! धरा! धरा!"

खांब धरायला त्यांनी दोन्ही हात पुढं फेकले. पुढं दाजी होते. दाजींच्या हातात पोह्यांची बशी होती. ती मुलाच्या आईच्या नव्या साडीवर गेली.

"सरा तिकडं, तात्याभावजी," मुलाची आई पोहे झटकत म्हणाली. "तुमची नजर कधी सरळ होती? आणा इकडं."

तिच्या अंबाड्यावर हेल्मेट अडकलं आणि तिरकं बसलं. "अगो बाय! फरशी बघा कशी फुगलीय! फुटंल आता!" मग मावशींनी पाहिलं. त्यांनी हेल्मेट काढलं, घाईनं पायरीपर्यंत गेल्या आणि ओणव्या झाल्या. दाजींच्या नव्या चपला तिथंच होत्या. यापेक्षा अधिक तपशील देण्याचं कारण नाही.

वैशूचा चेहरा पांढराफटक पडला. एका माणसाला वाकडं दिसलं असतं तर गोष्ट वेगळी. इथं अख्ख्या जीपला वाकडं दिसत होतं! उद्या परीक्षकांचंही असंच झालं तर पुणं संपलं.

"झालं ना?" दाजी म्हणाले. "आता मांडवाचं बोलू या."

"मांडवाचं ऱ्हाऊ द्या," तात्या भिंतीला टेकून म्हणाले. "आधी ही खोली थांबू द्या."

वैशू मंदाकडे वळली. "मामी, तुला असंच दिसलं होतं?"

"तेच तर सांगत होते. पण या घरात माझी बातमी छापतो कोण?"

वैशू आत गेली. अक्काला वाटलं, पोर रडायला गेली. पोर फूटपट्टी घेऊन बाहेर आली आणि मुलाच्या आईसमोर गुडघ्यांवर बसली.

"काकू, हलू नका. समोर बघा."

तिनं पट्टी बाईंच्या नाकावर आडवी धरली, एका बुबुळापासून दुसऱ्यापर्यंत मोजलं आणि तात्यांकडे सरकली.

"बघायला आमी आलोय का ही?" मुलाच्या आईनं विचारलं.

"दोन्ही," प्रशांत म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

वैशूनं प्रशांत सोडून सगळी जीप मोजली. मग मंदाला मोजलं. तिचा आकडा जीपमधल्यांत बसला. मग मला, दादाला, अक्काला आणि माझ्या मुलांना मोजलं, आणि पट्टी हातात तशीच धरून ती हसायलाच लागली! आमचे सगळ्यांचे आकडे जीपच्या बाहेर होते. भिंगं तिनं स्वतःच्या डोळ्यांसमोर येतील अशी ठोकली होती, आणि तिचे डोळे आमच्या घराण्याचे होते. मधलं अंतर भलतंच रुंद! बाहेरच्या माणसाचा डोळा भिंगाच्या मधोमध येतच नव्हता, तो आतल्या कडेतून बघत होता. म्हणजे महिनाभर आम्ही सगळ्यांनी मिळून फक्त आम्हालाच सरळ दिसेल असं जग तयार केलं होतं, आणि मी त्याची खातरजमा केली होती!

"स्वतःच्या मापाचा ब्लाउज शिवायचा आणि गावाला म्हणायचं, घाला," मंदा म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मला वाटायचं, तुमी बोलताना माझ्याकडं बघत नाय. आता कळलं. दोन्ही बाजूंनी बघत होता."

दादा दुखावला. "आमच्या बापाचे डोळे असेच होते," एवढंच तो म्हणाला.

प्रशांत राहिला होता. वैशूनं त्याच्या नाकावर पट्टी धरली, आकडा बघितला, पुन्हा बघितला आणि ओरडली, "हा अगदी सरासरी आहे!"

मुलाची आई ताडकन उभी राहिली.

"सरासरी?" मुलाच्या आईचा आवाज चढला. "रेल्वेच्या परीक्षेत पहिल्या झटक्याला लागलाय तो!"

"काकू, मला सरासरीच पायजे होता! मधलं माप म्हणून हाच धरायचा!"

दाजींनी यातलं सोयीचं तेवढं ऐकलं आणि अक्काला साखर आणायला सांगितलं.

प्रशांतनं मात्र हेल्मेट उलटं करून आत पाहिलं. "भिंगं सरकली पायजेत. या भोकांच्या जागी लांब खाचा पाडू. कानस आहे का घरात?" मग जरा लाजून म्हणाला, "दोन रुळांमधलं अंतर आमी रोज तपासतो. ते चुकलं तर गाडी पडते. इथं पोहे पडले."

दोघं ओटीवर बसले. तो कानस मारू लागला आणि ती खाचेच्या कडेला खुणा करू लागली. मुलाची आई जीपमधल्या मंडळींना सांगत होती, "बघायला आलो मुलगी, आणि माझं पोर बघा काय करतंय." हेल्मेट अंबाड्यावर अडकू नये म्हणून त्याची मागची बाजू कापली. (दादा तेवढ्यापुरता परसात गेला.) टोपीवाला, अंबाडेवाली, टकलू, सर्वांच्या डोक्यावर ते घट्ट बसावं म्हणून पट्टा हवा होता. मंदानं आतून कसलीतरी मजबूत, लांबलचक पांढरी नाडी आणून दिली. ती कसली होती, हे सर्व बायकांनी ओळखलं आणि एकीनंही तोंड उघडलं नाही.

तात्या पुन्हा पुढं आले. बोलणी करणाऱ्या माणसाला माघार घेता येत नाही. या वेळी टोपी त्यांनी स्वतःहून काढली. वैशूनं नाडी आवळली आणि भिंगं सरकवली.

"सांगा, तात्या."

"थांब गो... थांब... सरळ! पार शेवटच्या खांबापर्यंत सरळ! काय मंडप हाय! लग्न इथंच करू!"

आणि समाधानानं त्यांनी एका खांबाला पाठ टेकली. खांब हेल्मेटात होता. बाहेर मंदाची भांड्यांची मांडणी होती.

तो आवाज बाजारपेठेपर्यंत गेल्याचं प्रत्यक्षदर्शी सांगतात. पातेल्यांच्या ढिगातून तात्यांचा हात वर आला. "पडलो," ते म्हणाले, "पण सरळ पडलो!"

मुलाच्या आईनं टाळी वाजवली. मग अख्ख्या जीपनं पाळीपाळीनं सरळ मंडप पाहिला, मावशींनी तर दोनदा. मुलीला आणखी काही विचारायचं राहून गेलं, हे त्यांना आटगावच्या पुढं गेल्यावर आठवलं म्हणतात.

सोमवारी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हेल्मेट घातलं, काढलं आणि पुन्हा घातलं. "बाकीच्यांनी यंत्रं बनवली," ते म्हणाले, "हिनं वेगवेगळ्या डोक्यांचा विचार केला." वैशू वर्गात पहिली आली. जाताना त्यांनी पट्टा बोटांत धरून विचारलं, "हा कुठून मागवला?"

"शहापूरहून, सर," वैशू म्हणाली.

दाजी शब्दाला जागले. टोकावड्याला परतताना त्यांनी अख्ख्या एसटीला पेढे वाटले. ड्रायव्हरलासुद्धा, आणि चालत्या गाडीत! वैशू पुण्याला गेली. प्रशांतला तिनं सांगितलं, आधी नोकरी. तो म्हणाला, "थांबतो. सिग्नल मिळाल्याशिवाय आमची गाडी हलत नाय." सिग्नल पुढं मिळाला. लग्नात बाशिंग बांधायला मुलाच्या आईनं सुनेकडूनच माप मागवलं.

ते हेल्मेट कॉलेजनं ठेवून घेतलं. काही वर्षांनी तिथला एक विद्यार्थी कुठल्याशा कार्यक्रमाची बातमी द्यायला माझ्याकडे आला. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, आमच्या प्रयोगशाळेत एक जुनं हेल्मेट आहे. भिंगं सरकवायच्या खाचेवर अरुंद, मध्यम, रुंद अशा खुणा आहेत, आणि सगळ्यांच्या पलीकडे, अगदी टोकाला, एक खूण आहे. तिथं लिहिलंय, 'मामा'. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात, मामाच्या खुणेपर्यंत नेऊ नये, सगळं जग वाकडं दिसतं." मग त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "हे मामा कोण असतील, सर?"

मी त्याला सांगितलं, की सूत्रांनी नाव उघड न करण्याची विनंती केली आहे.